त्रिज्येचा अर्थ : मराठी शास्त्रीय परिभाषेच्या इतिहासातील नगरचे प्रकरण

१

‘परिभाषा’ या शब्दाचा मराठीत आज रूढ असलेला अर्थ एखाद्या शास्त्रातील संज्ञांचा समुच्चय असा आहे. हिंदीत याच शब्दाचा अर्थ व्याख्या असा होतो. संस्कृत व्याकरणपरंपरेत मात्र त्याचा अर्थ या दोहोंहून वेगळा होता. तेथे एखाद्या गोष्टीला नाव देणारे ते संज्ञासूत्र, आणि इतर सूत्रांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारे ते परिभाषासूत्र. नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चा विषय अशा अर्थनिर्णायक नियमांची चिकित्सा हाच आहे. म्हणजे परिभाषा हे मुळात नियमांना लागू होणाऱ्या नियमाचे नाव होते. अर्थ कोणी आणि कसा ठरवावा या प्रश्नाशी तिचा संबंध होता.

मराठीत हा अर्थ मागे पडला आणि संज्ञांची यादी एवढाच अर्थ उरला, ही घटना केवळ शब्दार्थाच्या इतिहासातली मानता येणार नाही. मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. शब्द संस्कृतातून घडवावा, लोकव्यवहारातून उचलावा, की इंग्रजीतून जसाच्या तसा घ्यावा? हा शब्दाच्या कुळाचा प्रश्न आहे. त्या शब्दाच्या अर्थाबद्दल वाद झाला तर निर्णय कोणाचा, हा अधिकाराचा प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला गेला. वास्तविक शब्दाचे आयुष्य ठरते ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत परिभाषा पोहोचते ती यादीच्याच रूपात. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी प्रतिशब्द, आणि मध्ये रिकामी जागा. ही रिकामी जागा कशी निर्माण झाली हे पाहण्यासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडतो. विद्यापीठांची व कोशमंडळांची केंद्रे या जिल्ह्याबाहेर, पुणे, मुंबई आणि वाई येथे राहिली. तरीही मराठी पाठ्यपुस्तकासाठी शास्त्रीय शब्द शोधण्याचा एक अतिशय बोधप्रद प्रयत्न एकोणिसाव्या शतकात नगरच्या परिसराशी निगडित आहे.

२

या जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. शास्त्रीय मजकूर मराठीत आणण्याच्या इतिहासाची सुरुवात येथून करण्यात केवळ स्थानाभिमान नाही. क्षेत्र, क्षेत्रज्ञ, प्रकृती, पुरुष, गुण, अव्यक्त या सांख्य-वेदान्ताच्या संज्ञा ज्ञानदेवांनी बदलल्या नाहीत. त्यांना मराठी प्रतिशब्द देण्याचा हव्यासही त्यांनी धरला नाही. त्यांनी संज्ञा तशीच ठेवली आणि तिच्याभोवती दृष्टान्तांची मालिका उभी केली. शेती, स्वयंपाक, पाणी, दिवा, मायलेकरू यांच्या व्यवहारातून संज्ञेचा अर्थ श्रोत्यासमोर पुन्हा घडत जातो. संज्ञा संस्कृत राहिली तरी तिचा अर्थ लावण्याचे साधन मराठी झाले. पारंपरिक अर्थाने ‘परिभाषा’ म्हणायची ती हीच. नेवाशाच्या या उदाहरणावरून एवढे निश्चित म्हणता येते की, संज्ञेचे परकेपण हा ज्ञानाच्या मार्गातील मुख्य अडथळा नसतो. तिच्याभोवती वाक्ये नसणे हा अडथळा असतो.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला आपले ठाणे उभारले. शाळा निघाल्या, मुलींच्या शिक्षणाला आरंभ झाला, आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरलाच सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. काही वर्षांतच ते मुंबईला गेले. परंतु धर्मप्रसाराबरोबर भूगोल, ज्योतिष व सृष्टिविज्ञान यांची माहिती मराठीत देण्याचे त्याचे धोरण नगरच्या काळातच ठरले होते. या लेखनामागील प्रेरणा निर्हेतुक ज्ञानप्रसाराची होती असे म्हणता येणार नाही. पृथ्वी वाटोळी आहे आणि ती सूर्याभोवती फिरते हे पटले की पुराणांतील मेरू पर्वताचा आणि सप्तसमुद्रांचा भूगोल ढासळेल, आणि त्याबरोबर पुराणांवरची श्रद्धाही ढासळेल, अशी मिशनरी वर्तुळातील अपेक्षा होती.

या वादात एक तिसरा पक्षही होता, आणि परिभाषेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य यांच्या सिद्धान्तग्रंथांतील पृथ्वी मुळातच गोल होती. पुराणांचा भूगोल सिद्धान्तांनी आधीच बाजूला ठेवला होता. माळव्यात सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी १८३६ च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला. पुराण, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करून सिद्धान्तांच्या पायरीवरून कोपर्निकसकडे जाता येते, असे त्यांनी दाखविले. नवे शास्त्र मराठीत आणायचे तर जुन्या शास्त्राच्या भाषेतून जावे लागेल, ही जाणीव या ग्रंथामागे आहे.

३

हीच जाणीव एबनेझर बर्जेस यांना नगरकडे झाली. बर्जेस १८३९ मध्ये अमेरिकन मिशनचे मिशनरी म्हणून पश्चिम भारतात आले. नगर आणि पुढे सातारा ही त्यांची कार्यक्षेत्रे. १८५४ मध्ये ते परत गेले. त्याच वर्षी त्यांचे मराठी व्याकरणही प्रसिद्ध झाले. आल्यावर थोड्याच काळात त्यांचे लक्ष शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याकडे वळले, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पाठ्यपुस्तक लिहायचे म्हणून ते देशी ज्योतिषग्रंथांच्या अभ्यासाकडे वळले. तो विषय समजावून देणारे समाधानकारक साधन त्यांना सापडेना. तेव्हा त्यांनी ‘सूर्यसिद्धान्त’ हाती घेतला आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराचा व टीपांचा पहिला कच्चा खर्डा भारतात असतानाच, संस्कृत आणि ज्योतिष या दोहोंत पारंगत असलेल्या ब्राह्मणांच्या साहाय्याने, तयार केला.

अमेरिकेत परतल्यावर हा खर्डा येल येथील संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्या हाती गेला. गणिती ह्यूबर्ट न्यूटन यांचेही साहाय्य झाले. अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडातून १८६० मध्ये ते भाषांतर विस्तृत टीपांसह प्रसिद्ध झाले. भारतीय ज्योतिषाच्या आधुनिक अभ्यासातील ते एक पायाभूत काम ठरले. १९३५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्याची नवी आवृत्ती काढली.

या प्रवासाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. गरज होती मराठी शाळेची. ज्ञान होते स्थानिक ज्योतिषांकडे. त्यातून इतिहासात नाव राहिले ते इंग्रजी ग्रंथाचे. ज्यांनी शब्दागणिक अर्थ सांगितला त्यांचा उल्लेख प्रस्तावनेत ‘ब्राह्मण’ या सामूहिक संज्ञेने येतो. वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराचे हे नेहमीचे चित्र आहे, असे म्हणून येथेच थांबता येईल; परंतु तसे थांबल्यास एक गोष्ट निसटते. या व्यवहारात अर्थावर खरा वादही झाला होता. भारतीय ज्योतिष ग्रीकांकडून आले असा व्हिटनींचा कल होता. बर्जेस यांचे मत निराळे होते. भारतीयांनी ग्रीकांकडून घेतले त्यापेक्षा त्यांना दिले असण्याचा संभव अधिक, असे ते मानीत, आणि हा मतभेद त्यांनी त्याच ग्रंथाच्या अखेरीस स्वतंत्रपणे नोंदविला. नगर आणि सातारा येथील पंडितांबरोबरच्या वर्षांचा या मतामागे किती वाटा होता हे मोजता येणार नाही. मात्र ज्या अभ्यासकाने संज्ञांचा अर्थ त्या वापरणाऱ्यांकडून शिकून घेतला त्याला त्या संज्ञा उसन्या वाटल्या नाहीत, आणि ज्याने ग्रंथ केवळ संहिता म्हणून वाचला त्याला त्या तशा वाटल्या, हा भेद अर्थपूर्ण आहे.

हा वाद मराठीत परत आला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या १८९६ च्या ग्रंथात. दीक्षित व्यवसायाने शिक्षक होते. बर्जेस आणि व्हिटनी यांच्या मतांचा परामर्श त्यांनी मराठीत, मराठी वाचकांसाठी घेतला. मराठी पाठ्यपुस्तकाच्या गरजेतून निघालेला प्रश्न सुमारे अर्धशतकाने मराठीतच निर्णयाला आला. या ग्रंथाची भाषा आजही जिवंत वाटते याचे कारण तिच्यातील संज्ञा वादात वापरल्या गेलेल्या आहेत. त्या केवळ शब्दाला शब्द म्हणून आलेल्या नाहीत.

४

बर्जेस यांच्यापुढे जो शब्दसंग्रह होता त्यातील एका शब्दकुलाची हकीकत विस्ताराने पाहणे उचित होईल. ‘सूर्यसिद्धान्ता’तील ज्या-कोष्टकात चोवीस ज्या दिल्या आहेत. वर्तुळपादाचे, म्हणजे नव्वद अंशांचे, चोवीस भाग केले की प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा, अर्थात २२५ कलांचा होतो. धनुष्य म्हणजे कंस. त्याची दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. गणनेसाठी पूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची म्हणून अर्धज्या घेतली गेली आणि पुढे तिलाच ज्या म्हणू लागले. कंसाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर तो शर. साऱ्या संज्ञा एकाच चित्रातून निघालेल्या आहेत.

वर्तुळाचा परीघ ३६० अंशांचा, म्हणजे २१,६०० कलांचा. त्याच मापात वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतचे अंतर सुमारे ३,४३८ कला येते. कंस वाढत नव्वद अंशांपर्यंत गेला की त्याची ज्या याच अंतराएवढी होते. नव्वद अंश म्हणजे तीन राशी. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. मराठी शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला हा शब्द पाठ असतो. त्यातील ‘त्रि’ कशाचा हे मात्र कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही.

दुसरा धागा याहून आश्चर्यकारक आहे. ‘जीवा’ हा शब्द अरबीत गेला तो ध्वनीच्या आधारे ‘जीब’ म्हणून. अरबी लिपीत स्वर लिहिले जात नसल्याने पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. त्याचा अर्थ वस्त्राची घडी, खोळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजिला आणि त्यातून आजचा ‘साइन’ आला. परिणाम असा की, मराठी शाळेतील विद्यार्थी भूमितीत वर्तुळाची ‘जीवा’ शिकतो आणि त्रिकोणमितीत ‘साइन’ शिकतो. एक शब्द त्याला संस्कृत व म्हणून जुना वाटतो, दुसरा इंग्रजी व म्हणून आधुनिक. दोन्ही एकाच शब्दाची रूपे आहेत, एक घरी राहिलेले आणि दुसरे बगदाद व स्पेनमार्गे परत आलेले. शब्दाच्या कुळावरून त्याची योग्यता ठरवणाऱ्या पक्षांना हे उदाहरण अडचणीचे आहे. शुद्धीचा आग्रह धरावा तर ‘साइन’ला बाहेर कसे काढावे, आणि आंतरराष्ट्रीयतेचा आग्रह धरावा तर ‘जीवा’ला परके कसे म्हणावे?

अर्थात जुना शब्द नव्या शास्त्राला सर्वत्र पुरतो असे नाही. ‘सूर्यसिद्धान्ता’त ‘लंबन’ आणि ‘नति’ या दोन संज्ञा येतात. निरीक्षक पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठावर असल्यामुळे ग्रहणाच्या वेळी चंद्राच्या स्थानात जो फरक दिसतो, त्याचा एक घटक लंबन व दुसरा नति. या संज्ञा ग्रहणगणिताच्या कामासाठी घडल्या आहेत. बर्जेस भारतात येण्याच्या आदल्याच वर्षी, १८३८ मध्ये, बेसेल यांनी पृथ्वीच्या वार्षिक भ्रमणामुळे ताऱ्याच्या स्थानात दिसणारा सूक्ष्म फरक मोजला होता. या नव्या संकल्पनेला लंबन म्हणावे तर ग्रहणाचा संदर्भ आड येतो. मराठी विश्वकोशाने ‘पराशय’ हा नवा शब्द स्वीकारला. तो स्वीकार समर्थनीय आहे. परंतु लंबनाकडून पराशयाकडे येण्याचे कारण ज्या विवेचनात सांगितले जावे ते विवेचन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत येतो तो एक सुटा शब्द.

५

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठीत अशी विवेचने लिहिली जात होती आणि शब्दांमध्ये खुली स्पर्धा होती. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी ज्या गणितशाखेला आज विश्वकोश ‘अवकलन’ म्हणतो तिला ‘शून्यलब्धि’ म्हटले. राशीतील अंतर शून्याकडे नेले असता जे लाभते ते, असा या शब्दात संकल्पनेचाच सारांश आहे. शब्द टिकला नाही. पण तो करताना बाळशास्त्र्यांनी गणित मराठीत विचारून पाहिले होते याची साक्ष शब्दातच आहे. राज्याच्या व समाजाच्या अर्थव्यवहाराच्या शास्त्राला हरि केशवजी यांनी १८५४ मध्ये ‘देशव्यवहारव्यवस्था’ म्हटले. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आले आणि ‘अर्थशास्त्र’ हा शब्द रूढ झाला. पहिल्या शब्दात देशाच्या व्यवहाराचे वर्णन आहे, दुसऱ्यात कौटिल्याच्या परंपरेचे स्मरण. यांपैकी कोणता योग्य, हा प्रश्न त्या वेळी मराठी ग्रंथकारांनी आणि वाचकांनी आपापसांत सोडवला. वरून आलेल्या आदेशाने तो सुटला नाही.

सर्वांत बोलके उदाहरण केरो लक्ष्मण छत्रे यांचे आहे. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे बर्जेस यांचे भाषांतर अमेरिकेत निघाले त्याच वर्षी. युरोपीय वेधांवर आधारलेली ही कोष्टके मराठीत होती आणि त्यांतील भाषा मध्यम ग्रह, स्पष्ट ग्रह, क्रांती, शर अशी सिद्धान्तपरंपरेची होती. कारण उघड आहे. ती वापरणारे पंचांगकर्ते होते. त्यांना रोज गणित करायचे होते, आणि गणित चुकले तर ग्रहणाच्या दिवशी साऱ्या गावाला ते कळणार होते. येथे संज्ञेचा अर्थ ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हाती होता आणि त्याची कसोटी आकाशात होती. मराठीत शास्त्रीय परिभाषा खऱ्या अर्थाने जगली ती अशा ठिकाणी.

याच सुमारास तिच्या मार्गातील मुख्य अडथळाही उभा राहिला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाची आणि परीक्षांची भाषा इंग्रजी ठरली. त्यानंतर मराठीतील शास्त्रीय लेखन शाळेच्या वरच्या इयत्तेपाशी अडले. मराठी शास्त्रग्रंथाचा वाचक हा आता इंग्रजीच्या वाटेवर असलेला विद्यार्थी होता. जो ग्रंथ पुढे सोडूनच द्यायचा त्याच्या शब्दांवर कोणी वाद घालीत नाही.

परीक्षेची भाषा आणि परिभाषेचे आयुष्य यांचा संबंध किती निकट असतो याचा दाखला नगरच्या शेजारीच होता. जिल्ह्याच्या पूर्वेला निजामाचे राज्य. १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान आणि वैद्यकासह उच्च शिक्षण उर्दूतून दिले. त्यासाठी भाषांतरविभाग उभारला आणि अरबी-फारसी धातूंवरून हजारो संज्ञा घडवल्या. औरंगाबाद आणि बीडकडच्या मराठी मुलांना उच्च शिक्षणात या संज्ञा स्वीकाराव्या लागल्या. त्यांची मातृभाषा तेथेही बाहेरच राहिली. १९४८ नंतर विद्यापीठाची भाषा बदलली आणि ती परिश्रमपूर्वक उभारलेली परिभाषा थोड्याच वर्षांत ग्रंथालयात गेली. तिच्या रचनेत दोष निर्माण झाला म्हणून असे घडले नाही; तिच्यात परीक्षा देणारे कोणी उरले नव्हते.

६

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि परिभाषा हे शासनाचे कार्य बनले. भाषा संचालनालय, साहित्य संस्कृती मंडळ आणि पुढे विश्वकोश हे त्याचे वाहक. १९६२ चा ‘पदनामकोश’ ही त्याची पहिली ठळक खूण. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनामकोश’ ठरवले हे सर्वश्रुत आहे. त्या थट्टेचा रोख संस्कृतप्रचुरतेवर होता. आज मागे वळून पाहता ती टीका नेमक्या ठिकाणी लागली नव्हती असे दिसते. पदनामकोशातील अनेक शब्द नंतर सहज रुळले, कारण शासनव्यवहारात ते आदेशावर, पाटीवर आणि शिक्क्यावर आले. संस्कृतप्रचुरता त्यांच्या आड आली नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये, पहिला खंड निघण्यापूर्वीच, प्रसिद्ध झाला. मात्र तर्कतीर्थांच्या योजनेत हा संग्रह नोंदींसाठी होता. त्यातील प्रत्येक शब्दाला पुढे एखाद्या नोंदीतल्या वाक्यात बसायचे होते. त्यामुळे विश्वकोशातील शब्द कठीण असले तरी अनाथ नाहीत.

केंद्रीय पातळीवर १९६१ मध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग नेमला गेला. भारतीय भाषांमध्ये शक्यतो समान संज्ञा असाव्यात हा त्यामागील विचार सयुक्तिक होता. पण समानतेचीही किंमत असते. प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वळतो या घटनेला मराठी शाळेत पूर्वी ‘वक्रीभवन’ म्हणत. आता दहावीच्या पुस्तकात ‘अपवर्तन’ आहे. एक पिढी दुसऱ्या पिढीला अभ्यास सांगू पाहते तेव्हा शब्द अडतो. नवा शब्द अधिक काटेकोर असेलही. परंतु बदलाचे कारण घरापर्यंत पोहोचले नाही.

या साऱ्याचा भार शेवटी विद्यार्थ्यावर येतो. नगर जिल्ह्यातील अकोले, पारनेर किंवा जामखेड तालुक्यातील मराठी शाळेत शिकणारा मुलगा दहावीपर्यंत संवेग, त्वरण, जडत्व, अपवर्तन हे शब्द शिकतो. अकरावीला विज्ञानशाखेत गेला की बहुतेक महाविद्यालयांत त्याला ते सर्व इंग्रजीत पुन्हा शिकावे लागतात. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय पातळीवरील ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते, आणि अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ २०२१ पासून. ही सोय मोलाची आहे. मात्र ‘नीट’च्या नियमांतच असे म्हटले आहे की, भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल.

प्रशासकीयदृष्ट्या या नियमाला पर्याय सुचवणे सोपे नाही. तेराएक भाषांतील प्रश्नपत्रिकांना एक मूळ पाठ लागतोच. परंतु भाषाव्यवहाराच्या दृष्टीने या तरतुदीचा अर्थ स्पष्ट आहे. मराठी संज्ञा येथे उपस्थित आहे; तिला निर्णयाचा अधिकार नाही. तिच्या अर्थाबद्दल शंका आली तर उत्तर तिच्या पलीकडे, दुसऱ्या भाषेत आहे. अशा संज्ञेविषयी विद्यार्थी आणि शिक्षक वाद घालणार नाहीत. ते तिचा इंग्रजी जोडीदार पाठ करतील. परीक्षार्थींच्या शब्दयाद्यांमधील रिकामी जागा येथे तयार होते. तिचा दोष यादी करणाऱ्याकडे नाही; यादी ही या व्यवस्थेची स्वाभाविक वाङ्मयीन निष्पत्ती आहे.

७

याच जिल्ह्यात याच्या उलट घडलेली उदाहरणेही आहेत, आणि ती शेतीत व पाण्यात सापडतात. भंडारदरा धरणाचे काम १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला. त्याबरोबर आडसाली, सुरू, पूर्वहंगामी, खोडवा असा लागवडीचा शब्दसंग्रह काटेकोर झाला. यातील प्रत्येक शब्द लागवडीचा काळ किंवा प्रकार निश्चित सांगतो आणि त्यावर कारखान्याचे तोडणीचे वेळापत्रक अवलंबून असते. कालव्याच्या पाण्याची शेतकऱ्याची ‘पाळी’ आणि पाटबंधारे खात्याचे ‘आवर्तन’ हे दोन्ही शब्द एकाच बातमीत सुखाने नांदतात. एक देशी, एक संस्कृत. दोन्ही समजतात, कारण दोन्हींवर पीक अवलंबून आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पदवीचे शिक्षण इंग्रजीत होत असले, तरी त्याची ‘कृषिदर्शनी’ शेतकऱ्यासाठी मराठीत निघते आणि तिला ‘वाफसा’ हा शब्द टाळता येत नाही. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, औताला आणि बियाण्याला योग्य आहे, एवढे सारे या शब्दात आहे. ‘ठिबक सिंचन’ हा जोडशब्द तर देशी आणि संस्कृत यांच्या भांडणाला दिलेले उत्तरच आहे.

नगर तालुक्यातील हिवरेबाजारचे उदाहरण आणखी पुढचे आहे. १९९० नंतरच्या पाणलोट विकासात या गावाने ‘पाण्याचा ताळेबंद’ हा शब्दप्रयोग व्यवहारात आणला. ताळेबंद हा जमाखर्चाचा शब्द. पडलेला पाऊस ही जमा. पिणे, जनावरे आणि पिके हा खर्च. वर्षाला पाऊस किती झाला यावर कोणते पीक घ्यावे याचा निर्णय गावाने करायचा. सिंचनासाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, हे निर्बंध त्याच हिशेबातून आले. ‘समतल चर’, ‘नालाबांध’, ‘भूजलपातळी’ या संज्ञा येथे ग्रामसभेत बोलल्या जातात आणि त्यांचा अर्थ चुकला तर उन्हाळ्यात विहीर आटते. छत्र्यांच्या पंचांगकर्त्यांना जशी आकाशाची कसोटी होती तशी हिवरेबाजारच्या शब्दांना विहिरीची आहे.

या दोन्ही टोकांवरून एकच निष्कर्ष निघतो. मराठीत शास्त्रीय परिभाषा कमी पडली ती शब्दसंपत्तीच्या उणिवेमुळे नाही. ज्या व्यवहारात मराठी माणसाला संज्ञेच्या अर्थाचा निर्णय करण्याचा अधिकार राहिला तेथे संस्कृत, देशी, अरबी वा इंग्रजी कुळाचा कोणताही शब्द चालला. जेथे तो अधिकार दुसऱ्या भाषेकडे गेला तेथे निर्दोष शब्दही निर्जीव झाला. मराठी समीक्षेलाही हा निष्कर्ष लागू पडतो. ‘संहिता’, ‘चिन्ह’, ‘विरचना’ या तिच्या संज्ञा ज्या प्रमाणात मराठी कृतींच्या वाचनात वापरल्या आणि तपासल्या गेल्या त्याच प्रमाणात त्या मराठी झाल्या आहेत. उरलेल्या अजून इंग्रजी पाठालाच अंतिम मानतात.

तेव्हा अध्यापनात करता येण्याजोगी पहिली गोष्ट नव्या शब्दांची भर घालणे ही नसावी. असलेल्या शब्दांच्या मागची विवेचने वर्गात परत आणता येतील. वर्तुळाचा धडा शिकवताना फळ्यावर धनुष्य काढून त्याची दोरी दाखवली, तीन राशींचा कोन मांडला आणि जीवेचा साइनपर्यंतचा प्रवास सांगितला, तर तासातील दहा मिनिटे जातील. त्या दहा मिनिटांत विद्यार्थ्याला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही संज्ञा कळतील. पुढे कोणत्याही भाषेतील प्रश्नपत्रिका हाती आली तरी अर्थासाठी त्याला यादीकडे पाहावे लागणार नाही. बर्जेस यांना ज्या मराठी पाठ्यपुस्तकाची गरज जाणवली होती, त्याचा पहिला धडा बहुधा असाच असायला हवा होता.